शेपटीच्या चाकाचे विमान: पायांनी शिकायची विद्या

आज बहुतेक नवे वैमानिक सेस्ना १७२ किंवा पायपर चेरोकी यांसारख्या, नाकाखाली तिसरे चाक असलेल्या विमानावर परवाना मिळवतात. अशा विमानाचा एक मोठा गुण असा, की ते जमिनीवर थोडे वाकडे टेकले तरी स्वतःच सरळ होते. शेपटीखाली चाक असलेल्या छोट्या विमानाकडे हा गुण नसतो. उलट ते वाकडे टेकले तर आणखी वाकडे व्हायला बघते. हाताशी परवाना आहे किंवा निदान पंधरा-वीस तासांचे उड्डाण झाले आहे आणि आता पायपर कब, सिटाब्रिया किंवा सेस्ना १४० यांसारखे विमान शिकावे असे वाटते आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. मी स्वतः पेनसिल्व्हेनियातल्या गवताच्या एका धावपट्टीवर, १९४६ साली तयार झालेल्या कबमध्ये हे शिकलो. त्या अनुभवातून मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते: जमिनीवर धावताना या विमानाची दिशा सुधारायला मोठी दुरुस्ती चालत नाही, वेळेवर दिलेली छोटी दुरुस्ती लागते, आणि ती पायांनी द्यावी लागते.

सगळी विद्या ज्यातून निघते ते कारण आधी नीट समजून घ्यावे. या विमानाची दोन मुख्य चाके पुढे असतात आणि गुरुत्वमध्य त्यांच्या मागे असतो. विमान सरळ धावत असेपर्यंत काही बिघडत नाही. पण नाक जरासे डावीकडे वळले की मागचे वजन आपल्या मूळ दिशेने पुढे जाऊ पाहते, शेपूट उजवीकडे फेकली जाते, त्यामुळे नाक आणखी डावीकडे वळते, आणि हे चक्र स्वतःच वाढत जाते. उसाची ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर मागे घेताना ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे लगेच कळेल. ट्रॉली पुढे ओढताना तिच्याकडे पाहावेही लागत नाही; पण मागे घेताना ती किंचित तिरकी झाली आणि चालकाने क्षणभर उशीर केला, तर ती पार आडवी होऊनच थांबते. कसलेला चालक स्टिअरिंग फार फिरवत नाही, ते सतत थोडेथोडे हलवत राहतो. विमानाची अशी गिरकी पूर्ण झाली तर तिला ग्राउंड लूप म्हणतात. तीत बाहेरच्या बाजूचा पंख जमिनीला घासतो आणि चाकांचे पाय वाकतात. माणसाला इजा क्वचित होते, विमानाला मात्र बहुतेक वेळा होते.

एके काळी ही विशेष विद्या मानली जात नव्हती, कारण जवळजवळ सगळीच विमाने अशी होती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले ते पस मॉथ शेपटीवरच टेकणारे होते. कोल्हापूरजवळच्या हसूर गावी जन्मलेले डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये घडलेले आणि १९५१ साली पहिल्यांदा उडालेले एचटी-२ हे प्रशिक्षण-विमानही शेपटीच्या चाकाचे होते. त्याच कारखान्याचे, १९५८ साली पहिल्यांदा उडालेले, शेजारी शेजारी दोघे बसू शकतील असे पुष्पकही तसेच होते, आणि आपल्या देशातल्या फ्लाइंग क्लबांमध्ये कित्येकांनी पहिले धडे त्याच्यावर घेतले. आता भारतातल्या प्रशिक्षणशाळांत बहुतेक नाकाच्या चाकाचीच विमाने दिसतात. त्यामुळे ज्यांना हे शिकायचे आहे त्यांना बहुधा परदेशात, विशेषतः अमेरिकेत, सोय अधिक सहज मिळते.

विमान आणि शिक्षक

अमेरिकेतला नियम साधा आहे. शेपटीच्या चाकाच्या विमानाचा मुख्य वैमानिक म्हणून उडायचे असेल तर प्रशिक्षकाने तुमच्या लॉगबुकात तशी नोंद करून सही करावी लागते. त्याआधी साधे आणि आडव्या वाऱ्यातले उड्डाण व उतरणे, व्हील लँडिंग (मुख्य चाके आधी टेकवून उतरणे) आणि गो-अराउंड, म्हणजे उतरण्याचा बेत सोडून पुन्हा वर जाणे, एवढे यावे लागते. तासांचे बंधन नाही. मला अकरा तास लागले; माझ्याबरोबर शिकणाऱ्या एकाला सहा पुरले. या आकड्याची घाई करू नये, कारण आडव्या वाऱ्याचा एकही दिवस न पाहता मिळालेली सही कागदावर खरी असली तरी पायांत उतरलेली नसते.

कब हे शिकण्यासाठी अतिशय सालस विमान आहे. १९३८ ते १९४७ या काळात अशी सुमारे वीस हजार विमाने तयार झाली. पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणलेले, ६५ अश्वशक्तीचे इंजिन, उतरताना खाली करायचे पंखांचे फ्लॅप नाहीत, बॅटरी नाही, स्टार्टर नाही. यात शिकणारा मागे बसतो आणि शिक्षक पुढे. एकट्याने उडतानाही मागूनच उडवायचे असते. सगळी उपकरणे पुढच्या आसनासमोर असल्याने माझ्या डोळ्यांपुढे वेगदर्शकाऐवजी शिक्षकांचा उजवा खांदा आणि त्यावरचा विटलेला खाकी शर्ट असे. पहिल्या दोन तासांत मला याची अडचण वाटली, पुढे ती मोठी सोय ठरली. वेग काट्यावर दिसत नाही म्हटल्यावर तो वाऱ्याच्या आवाजावरून, स्टिकच्या, म्हणजे हातातल्या नियंत्रण-दांड्याच्या, ताणावरून आणि क्षितिजाशी नाकाने केलेल्या कोनावरून ओळखावा लागतो, आणि एकदा तो तसा ओळखू येऊ लागला की विसरत नाही. ज्यांना पुढे बसायचे आहे त्यांनी एअरोन्का चॅम्प किंवा सिटाब्रिया निवडावे. त्यांतून समोरचे दिसतेही अधिक.

शक्य असेल तर सुरुवात गवताच्या धावपट्टीवर करावी. गवतावर चाक थोडे घसरू शकते, त्यामुळे जराशी तिरकी टेक ते पोटात घालते. डांबरी धावपट्टीवर टायर पकड घेतो आणि तीच चूक लगेच वळणात बदलते. मात्र केवळ गवतावर शिकून थांबू नये. सही होण्याआधी डांबरावर निदान एक तास घालवावा.

इंजिन सुरू करण्यापूर्वी

विमानाची पाहणी करताना शेपटीशी गुडघे टेकून बसावे. पट्ट्यांच्या स्प्रिंगला तडा नाही ना, रडर, म्हणजे पायांच्या पेडलांनी हलणारा शेपटीवरचा उभा पट्टा, आणि चाक यांना जोडणाऱ्या साखळ्या व लहान स्प्रिंगा दोन्ही बाजूंनी सारख्या ताणलेल्या आहेत ना, चाकात हवा पुरेशी आहे ना, हे हात लावून तपासावे. या चिमुकल्या भागावर तुमचे सरळ धावणे अवलंबून असते. इंधनाची पाहणीही लक्षात राहण्यासारखी आहे. कबची साधारण ४५ लिटरची टाकी इंजिनाच्या मागेच, काचेपुढे असते. तिच्या झाकणातून वर आलेल्या तारेच्या खालच्या टोकाला बूच तरंगत असते. तार उंच असेल तर टाकी भरलेली. इंजिन तासाला सुमारे सोळा लिटर पेट्रोल घेते, म्हणजे दोन तासांनंतर तुम्ही जमिनीवर असणे उत्तम.

पंखा हाताने फिरवून इंजिन सुरू करण्याचे काम पाहायला सोपे दिसते, पण या विमानाच्या बाबतीत माणसाच्या जिवावर बेतू शकणारे हे पहिले काम आहे. ते प्रत्यक्ष शिकवल्याशिवाय करू नये. चाकांना अडण्या लावलेल्या, शेपूट दोराने बांधलेली आणि आत ब्रेकवर टाच ठेवून बसलेला जाणता माणूस, एवढे असल्याखेरीज पंख्याला हात लावू नये, आणि इंजिनाला ठिणगी देणारा मॅग्नेटो बंद आहे असे कोणी सांगितले तरी तो चालू आहे असेच समजून वागावे.

जमिनीवर चालताना नाक वर असल्याने समोरचे दिसत नाही. म्हणून नागमोडी चालावे: थोडे डावीकडे वळून उजव्या खिडकीतून पुढचे पाहावे, मग उजवीकडे वळून डाव्या खिडकीतून. वेग माणसाच्या चालण्याएवढा. या वेळी स्टिक वाऱ्याप्रमाणे धरावी लागते. वारा समोरून तिरका येत असेल तर स्टिक पूर्ण मागे आणि वाऱ्याच्या बाजूला. मागून तिरका येत असेल तर पुढे आणि वाऱ्यापासून दूर. प्रत्येक वळणानंतर वारा कोणत्या बाजूला गेला याचा विचार करून हात हलवायची सवय पहिल्याच दिवशी लावून घ्यावी, कारण मागून आलेली झुळूक शेपूट उचलू शकते.

उड्डाण

धावपट्टीवर आल्यावर दोन-तीन मीटर सरळ पुढे जाऊन शेपटीचे चाक सरळ करून घ्यावे. स्टिक मागे धरून थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवणारा दांडा, सावकाश, मनात तीन आकडे मोजत पुढे न्यावा. इंजिनाचा जोर वाढला की नाक डावीकडे ओढले जाते, म्हणून उजवा पाय आधीच तयार असावा. वेग थोडा वाढल्यावर स्टिक पुढे ढकलून शेपूट उचलायची असते, आणि नवशिका नेमका इथे चकतो. फिरता पंखा हा भोवऱ्यासारखा असतो. त्याचा अक्ष खाली झुकवला की तो विमानाला आडवे, डावीकडे वळवतो. शेपूट झटक्यात उचलली तर हा ओढा मोठा असतो, हळूहळू उचलली तर उजव्या पायाच्या थोड्याशा दाबाने भागते. शेपूट वर आली की समोरची धावपट्टी एकदम उलगडते, आणि मग एक ठिपका धरून त्याच्याकडे नाक ठेवावे. काही क्षणांनी विमान स्वतःच जमीन सोडते.

हवेत गेल्यावरचा अभ्यास पायांसाठीच ठेवावा. कबमध्ये केवळ स्टिक डावीकडे केली तर नाक आधी क्षणभर उजवीकडे जाते, कारण खाली गेलेल्या एलेरॉनचा, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेवरच्या हलत्या पट्ट्याचा, अडथळा उजव्या पंखाला मागे खेचतो. म्हणून प्रत्येक वळणात हात आणि पाय बरोबर चालले पाहिजेत. यासाठी उत्तम सराव असा: दूरच्या एखाद्या पाण्याच्या टाकीवर नाक ठेवून पंख आळीपाळीने डावीकडे-उजवीकडे झुकवावेत आणि नाक त्या टाकीवरून मुळीच हलू देऊ नये. रोज पाच मिनिटे हे केले तर आठवड्याभरात पाय आपोआप हलू लागतात. फ्लॅप नसल्याने उंची कमी करण्यासाठी साइडस्लिप, म्हणजे एक पंख खाली घेऊन विरुद्ध रडर देत तिरके घसरणे, हेही इथेच पक्के करावे. स्टॉल, म्हणजे वेग फार घटून पंखांची उचल हरपणे, शिकताना कबचा उघडा ठेवलेला खालचा दरवाजा पाहावा: वेग फार कमी झाला की तो आपोआप वर तरंगू लागतो. कोणताही भोंगा नसलेल्या विमानात हा फळीएवढा दरवाजाच इशारा देतो.

उतरणे

थ्री-पॉइंट लँडिंगमध्ये तिन्ही चाके एकदम टेकतात. कबला अंतिम टप्प्यात ताशी ५५ ते ६० मैल, म्हणजे सुमारे ९० ते ९५ किलोमीटर वेग पुरतो. जमिनीच्या जवळ आल्यावर उतार मोडून विमान गवताच्या काही हातांवर समांतर आणावे, आणि त्यानंतर ते टेकू नये असाच प्रयत्न करावा. वेग घटेल तसे ते खाली बसू पाहते. तेवढीच स्टिक मागे घ्यायची, पुन्हा बसू पाहते, पुन्हा थोडी मागे. शेवटी स्टिक पोटाला लागते आणि विमानाला हवेत राहायला काही उरत नाही. या वेळी नाकाने समोरचे सगळे झाकलेले असते, म्हणून नजर एकाच जागी न रोवता धावपट्टीच्या दोन्ही कडा डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाहाव्यात. दोन्ही बाजूंचे गवत सारखेच दिसत असेल तर तुम्ही सरळ आहात.

टेकल्यावर उतरणे संपले असे वाटते. खरे कठीण काम तिथे सुरू होते. वेग कमी होतो तशी रडरवरून जाणारी हवा कमी होते आणि त्याचा जोर ओसरतो, पण मागचे वजन तेवढेच असते. माझ्या पाचव्या तासाला मी याचा धडा घेतला. डावीकडे झाडांची रांग होती, तिच्यात एक फट होती आणि वारा डावीकडूनच होता. मी छान टेकलो, मनाशी समाधान पावलो, आणि नकळत स्टिकवरचा हात सैल सोडला. त्या फटीसमोर येताच शेपूट उजवीकडे ढकलली गेली आणि नाक डावीकडे वळले. मी उजवा पाय दिला, पण एक क्षण उशिरा, आणि उशीर झाला म्हणून दुप्पट दिला; मग नाक उजवीकडे गेले, आणि मी डावा पाय त्याहून अधिक दिला. तिसऱ्या झोक्याला शिक्षकांनी विमान हातात घेतले नसते तर उजवा पंख गवतातून गेला असता. थांबल्यावर त्यांनी मला पायाचा दाब देण्याविषयी काहीही सांगितले नाही. तो काढून घेण्याविषयी सांगितले. दाब द्यायचा आणि नाक हलायला लागताच सोडायचा, नाक इच्छित ठिकाणी पोहोचेपर्यंत धरून ठेवायचा नाही. पुढचा पूर्ण तास आम्ही उडालोच नाही. शेपूट वर ठेवून आणि खाली ठेवून, धावपट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मध्यम वेगाने नुसते धावत राहिलो. शिकणाऱ्या प्रत्येकाने हा तास मागून घ्यावा असे मला मनापासून वाटते.

व्हील लँडिंगमध्ये मुख्य चाके आधी टेकवून शेपूट हवेतच ठेवतात. वारा जोराचा किंवा झोतांचा असेल तेव्हा पुष्कळांना हे पसंत असते, कारण समोरचे दिसते आणि वेग असल्याने रडर जिवंत राहते. थोडे इंजिन ठेवून, विमान जवळजवळ सपाट धरून, अतिशय हळू खाली उतरू द्यावे. चाके लागली असे जाणवताच स्टिक किंचित पुढे घ्यावी. चाके लागण्याआधी ती पुढे केली तर उसळी ठरलेली. चाके जोराने आपटली तर मागचे वजन शेपटीला खाली खेचते, पंखांचा हवेशी कोन वाढतो आणि विमान पुन्हा उडते. ही उसळी चाकांच्या रबराची नसून पंखांची असते. लहान उसळीनंतर स्थिर धरून थ्री-पॉइंटमध्ये उतरता येते. मोठ्या उसळीचा पाठलाग कधीही करू नये. थ्रॉटल पूर्ण पुढे करून वर जावे आणि पुन्हा यावे.

आडव्या वाऱ्यात वाऱ्याकडचा पंख खाली आणि विरुद्ध बाजूचे रडर, एवढ्याने विमान धावपट्टीच्या रेषेत राहते, आणि वाऱ्याकडचे चाक आधी टेकते. ते तसेच टेकू द्यावे. वेग कमी होईल तशी स्टिक वाऱ्याकडे वाढवत न्यावी, कमी करू नये. रडर पूर्ण देऊनही नाक रेषेत राहत नसेल तर तो वारा त्या धावपट्टीसाठी जास्त आहे. दुसरी धावपट्टी शोधावी. स्वतःसाठी वाऱ्याची एक मर्यादा आधीच कागदावर लिहून ठेवावी आणि हवेत असताना ती बदलू नये.

सही झाल्यानंतर

प्रवाशाला बरोबर न्यायचे असेल तर अमेरिकेच्या नियमानुसार मागच्या ९० दिवसांत शेपटीच्या चाकाच्या विमानात तीन उड्डाणे आणि पूर्ण थांबून केलेली तीन उतरणी झालेली असावी लागतात. माझा सल्ला त्याहून कडक आहे: तीन आठवड्यांचा खंड पडला तर आधी एकट्याने, शांत हवेत तीन चकरा माराव्यात.

आणि मग हे विमान कशासाठी आहे ते अनुभवावे. उन्हाळ्याच्या संध्याकाळी वारा पडल्यावर, दरवाजा उघडा ठेवून, हजार फुटांवरून लँकेस्टर परगण्यातल्या शेतांवरून जाताना कापलेल्या गवताचा वास आत येतो आणि घोड्यांनीच शेती करणाऱ्या आमिश पंथाच्या शेतकऱ्यांच्या घोड्यांच्या जोड्या एकेक मोजता येतात. ज्या गावात ही विमाने घडली त्या लॉक हेवनला दर जूनमध्ये जुन्या पायपर विमानांचा मेळावा भरतो; सस्क्वेहाना नदीच्या पश्चिम फाट्याच्या कडेने तिथे जाताना डोंगरांच्या रांगा दोन्ही बाजूंना असतात, आणि महामार्गावरच्या मोटारी कधीकधी तुमच्या पुढे निघून जातात. अशा विमानात बहुधा रेडिओही हातातलाच असतो, म्हणून डोळे सतत बाहेर ठेवावेत आणि विमानतळाजवळ येताना सर्किटमध्ये, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या फेरीत, ठरलेल्या बाजूनेच शिरावे.

परत आल्यावर विमान वाऱ्याकडे तोंड करून उभे करावे. दोन्ही पंखांचे दोर थोडी ढील ठेवून बांधावेत, शेपटीचा दोर त्याहून ताणून बांधावा, आणि मागच्या आसनाचा पट्टा स्टिकभोवती गुंडाळून ती पूर्ण मागे आवळावी, म्हणजे रात्रीच्या वाऱ्यात एलिव्हेटर, शेपटीवरचा आडवा हलता पट्टा, आपटत राहणार नाही. निघताना साखळ्यांवरून पुन्हा एकदा हात फिरवावा. एखादी स्प्रिंग सैल झाली असेल तर ती आजच कळते, आणि पुढच्या शनिवारी सकाळी धावपट्टीवर वेळ जात नाही.